तिसऱ्या रांगेतलं लाल हेल्मेट

खराडीतल्या आमच्या ऑफिसात अ‍ॅडमिन बघणारे एक गृहस्थ होते. बुधवार पेठेतून आणलेल्या सीडीवरचा एक जुना सिनेमा त्यांना तोंडपाठ होता; मलाही त्यांनी तो बसवून दाखवला होता. वाळवंटातला किल्ला, आत मूठभर सैनिक, बाहेर शत्रू. सैनिक मरतील तसे त्यांना बंदुकीसकट तटावर उभं करायचं, म्हणजे बाहेरून किल्ला भरलेला दिसतो. कँटीनला ते ‘रसद’ म्हणत आणि क्लायंटला ‘शत्रू’.

विसर्जनाच्या दिवशी सगळं ऑफिस मिरवणुकीला पळालं. उरलो आम्ही दोघं. संध्याकाळी अमेरिकेतून शत्रूचा निरोप आला: लगेच कॅमेऱ्यावर भरलेला फ्लोअर दाखवा, नाहीतर काम दुसऱ्यांना देतो.

“अहो, बघत काय बसलात? तट भरा!” ते ओरडले.

पुण्यातली हेल्मेटं डोक्यावर कमी आणि ऑफिसात जास्त, त्यामुळे दारूगोळा भरपूर होता. पाठमोऱ्या खुर्च्यांना आम्ही जॅकेटं चढवली, वर हेल्मेटं ठेवली. तिसऱ्या रांगेत, लाल हेल्मेटशेजारी, मीही एक हेल्मेट घालून बसलो.

“सेफ्टी वीक चालू आहे,” त्यांनी कॅमेऱ्याला गंभीरपणे सांगितलं. मला हसू आवरेना. मी गदागदा हलत होतो.

क्लायंट खूश झाला. लाल हेल्मेटवाल्याची एकाग्रता तर त्याला फारच आवडली. “त्याच्या शेजारचा मात्र सारखा हलतोय,” तो म्हणाला. “तेवढा बदला.”

माइक बंद करून गृहस्थ माझ्याकडे वळले.

“अहो, सिनेमा दाखवला होता ना तुम्हाला? जरा मेल्यासारखं बसायला काय होतं?”