बोरसे मॅडमचा डावा हात

बोरसे मॅडम वर्गात आल्या की हजेरी घेण्याआधी आपला उजवा हात पुढे करायच्या. पहिल्या बाकावरच्या मुलीनं उठून त्यांची नाडी मोजायची आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा. बहुतेक मुली पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायच्या. मॅडमना ते लगेच कळायचं. "पूर्ण मिनिट," त्या म्हणायच्या. "चुकणारा ठोका चाळिसाव्या सेकंदाला येतो, आणि तोवर तुम्ही पुढच्या खाटेवर गेलेल्या असता." मग तीच मुलगी पुन्हा मोजायची आणि सगळा वर्ग मिनिटभर गप्प बसायचा. मला ते मिनिट आवडायचं. त्यात कुणी कुणाला काही विचारत नसे.

मी जळगावची. शाळा इंग्रजी माध्यमाची. धुळ्याला देवपुरातल्या नर्सिंग कॉलेजात आले तेव्हा पुस्तकातला प्रत्येक शब्द मला येत होता, पण पेशंटच्या खाटेजवळ उभी राहिले की तोंड उघडत नसे. वाक्य मनात आधी इंग्रजीत तयार व्हायचं, मग मराठीत, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असायची. मॅडम साक्रीकडच्या गावच्या. एरवी त्यांची मराठी स्वच्छ होती. चिडल्या किंवा माया आली की अहिराणीवर यायच्या. "काय वं इंग्लिश मीडियम, तोंड शे ना तुले?" तोंड आहे ना तुला, हे मी चार वर्षांत किती वेळा ऐकलं ते सांगता येणार नाही.

श्वास कसा मोजायचा हे त्यांनी पहिल्याच वर्षी शिकवलं. पेशंटचं मनगट धरून ठेवायचं, म्हणजे त्याला वाटतं आपण नाडीच मोजतोय, आणि नजर छातीवर ठेवायची. "श्वास मोजते असं सांगायचं नाही. सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो." हे मला लवकर जमलं. न बोलता बघत राहणं मला येतच होतं.

रक्ताभिसरण त्या पुस्तकातून शिकवत, पण लसीकेचा, म्हणजे लिम्फचा, धडा आला की पुस्तक मिटून ठेवत. त्यांचे वडील पांझरा नदीच्या फडावर, सामायिक पाण्याच्या शेतीवर, पाटकरी होते. बंधाऱ्याचं पाणी पाटानं आणून प्रत्येकाच्या वावरात पाळीपाळीनं सोडायचं, हे त्यांचं काम. "बठ्ठं पानी पिकले जास," मॅडम विचारायच्या, "मग उरेल पानीनं काय?" सगळं पाणी पिकाला जातं, मग उरलेल्या पाण्याचं काय? मग त्याच सांगायच्या. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, पेशींना पोसतं आणि बरंचसं परत वाहिन्यांत जातं. थोडं मागे राहतं. ते लसीकावाहिन्या गोळा करतात, काखेतल्या, मानेतल्या, जांघेतल्या गाठींतून गाळून घेतात आणि मानेच्या खाली पुन्हा रक्तात सोडतात. त्याला हृदयासारखा पंप नाही. आपण हाललो, श्वास घेतला की ते पुढे सरकतं. "निचऱ्याचा चर बुजला की चांगलं वावर पाणी साचून चिबड होतं," त्या म्हणायच्या. "पाणी आणणाऱ्याला सगळे रामराम करतात. नेणाऱ्याकडे कोणी बघत नाही."

हे सांगताना त्यांचा डावा हात पदराखाली असायचा. तो तसा नेहमीच असायचा. घड्याळ उजव्या हातात, बांगड्या उजव्या हातात, रजिस्टर उजव्या हातात. डाव्या बाजूची बाही थोडी सैल शिवलेली होती. मी हे पहिल्या वर्षीच पाहिलं होतं आणि कुणाला म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी मी प्रॅक्टिकलच्या खोलीची किल्ली परत द्यायला गेले. मॅडम दाराकडे पाठ करून खिडकीशी बसल्या होत्या आणि डाव्या हाताला पट्टी गुंडाळत होत्या. हात कोपरापर्यंत सुजलेला होता. मी मागे वळले.

"थांब. पाहिलंच आहे तर नीट पाहा," त्या म्हणाल्या. "बोटांशी घट्ट, वर जाताना सैल. उलट केलंस तर पाणी खालीच कोंडेल."

पट्टीचं दुसरं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली होती आणि काखेतल्या गाठी काढल्या होत्या. नवऱ्याशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं. एकुलत्या एक मुलीला, पल्लवीलाही नाही. ती तेव्हा नाशिकला होस्टेलवर होती. "या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, ओझं नाही," त्यांनी बजावलं. "आणि बोलायचं नाही. पल्लवीसाठी स्थळं बघतोय. आईला कॅन्सर होता म्हटलं की लोक चहा पिऊन उठून जातात."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

"तू काय बोलशील, माय," त्या हसल्या. "म्हणून तर तुला थांब म्हटलं."

मला त्याचा अभिमान वाटला. इतक्या मुलींत एक मी, जिच्यापाशी ती गोष्ट ठेवता आली.

चौथ्या वर्षीच्या मे महिन्यात आमची ड्यूटी एका दवाखान्यात, वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात होती. कूलर बंद होता. मॅडम आमच्यावर देखरेखीला सकाळपासून उभ्या होत्या. दुपारी बोलता बोलता त्या खाली बसल्या, त्यांना उलटी झाली आणि डोळे मिटले. आम्ही त्यांना कोपऱ्यातल्या खाटेवर झोपवलं. उजवीकडे भिंत होती. उकाड्यामुळे त्या दिवशी त्यांनी पट्टी बांधली नव्हती.

वॉर्डच्या सिस्टरनं सलाइनचा स्टँड डाव्या बाजूला ओढला. "हात धर गं," ती मला म्हणाली. मीच सगळ्यांत जवळ उभी होते. मी डावा हात धरला.

"हात जरा भरलेला दिसतो मॅडमचा," सिस्टर म्हणाली.

"घरचं तूप आहे, सिस्टर. साक्रीचं," मागून आमच्या वर्गातली शिरपूरची मुलगी म्हणाली. दोघी-तिघी हसल्या. पल्लवीचं लग्न या शिरपूरच्या मुलीच्याच चुलत भावाशी ठरलं होतं. तारीख तीन आठवड्यांवर होती.

मी मॅडमना वचन दिलं होतं, ती मुलगी तिथं उभी होती, म्हणून मी गप्प राहिले, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. पण सिस्टरला कारण सांगायची गरजच नव्हती. 'दुसऱ्या हाताला लावा' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होत होतं. सिस्टरनं दोन वेळा सुई घातली, पहिल्या वेळी शीर सापडली नाही. मग त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधला. माझी बोटं त्यांच्या मनगटावर होती आणि नाडी जोरात चालली होती.

संध्याकाळी डोळे उघडून त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काढ," एवढंच म्हणाल्या. मी सुई काढली आणि कापूस दाबून धरला.

चौथ्या दिवशी मनगटापासून वर लाल रेघ चढलेली मला पदराखाली दिसली. बाकी कुणी नसताना मी म्हटलं, "मॅडम, ॲडमिट व्हा."

"लग्नघरात आईनं ॲडमिट व्हायचं? गोळ्या चालू आहेत."

हळदीच्या दिवशी त्यांना ताप होता. लग्नात, जूनच्या उकाड्यात, त्या जरीची शाल पांघरून उभ्या होत्या आणि बायका शालीचं कौतुक करत होत्या. मुलगी सासरी गेल्यानंतर चौथ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. तोवर उशीर झाला होता. ताप उतरला, पण हात पूर्वीसारखा झाला नाही. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी हात लाल व्हायचा, अंगात ताप भरायचा. त्यांनी नोकरी सोडली आणि त्या गावी गेल्या.

मी शेवटची त्यांना भेटले ती दोन वर्षांनी. तोवर मला जळगावला स्टाफ नर्सची नोकरी लागली होती. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या गेल्या. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता.

त्या भेटीत त्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. हात शेजारच्या उशीवर ठेवला होता, खांद्यापर्यंत सुजलेला, कातडी जाड झालेली. आता तो झाकलेला नव्हता. पल्लवी बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा महिना होता. तिनं चहा आणला. ऑपरेशनबद्दल तिला आता कळलं होतं. एवढ्या दवाखान्यांत ते लपणं शक्यच नव्हतं.

"केवढंसं निमित्त बघा," ती माझ्याजवळ बसत म्हणाली. "माझ्या लग्नाआधी आईला वावरात बाभळीचा काटा लागला. किती वेळा म्हटलं असेल, कशाला गेलीस वावरात."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. काट्याची गोष्ट त्यांनी मला वाचवायलाही रचली होती, हे मला तेव्हा कळलं.

"काटा नव्हता," मी म्हटलं. "सलाइनची सुई होती. त्या हाताला सुई चालत नाही हे मला माहीत होतं. हात मीच धरला होता."

पल्लवीचा कप बशीवर टेकला.

"आते बोलनी," मॅडम म्हणाल्या. आत्ता बोललीस, एवढंच. त्यात राग नव्हता, आणि शाबासकीही नव्हती. मग मुलीकडे वळून त्या सावकाश म्हणाल्या, "तिला एकटीला जबाबदार धरू नको. मी जागी होते. मला सगळं कळत होतं."

"जागी होतीस?" पल्लवीचा आवाज चढला. "मग तू का नाही बोललीस, आई?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. पल्लवी माझ्याकडे वळली.

"तुम्हाला माहितीये, ती का नाही बोलली?"

"नाही," मी म्हटलं. गार झालेला चहा मी संपवला आणि बसची वेळ झाली म्हणून उठले.