ओपन स्पेसचा फोकस

धुळ्याला आमच्या कॉलनीत ओपन स्पेस म्हणून सोडलेला तुकडा आहे, तिथे आम्ही बाग केली. कण्हेर, जास्वंद, कडुनिंबाखाली दोन बाक. जेवणं उरकली की कॉलनीतल्या बाया गाऊनवर टॉवेल टाकून तिथे जाऊन बसतात, माझी बायकोही. बायाबापड्या अंधारात बसतात म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागून खांबावर फोकस बसवून घेतला. स्विचच्या पेटीला कुलूप, चावी माझ्या घरी.

उजेड झाल्यावर मी गॅलरीत खुर्चीच टाकली. कोण आलं, कोण गेलं, सगळं लख्ख दिसायचं.

आणि आठवडाभरात फोकस बंद पडायला लागला. जेवून गॅलरीत येतो तर बाग काळीकुट्ट. खाली जाऊन पाहिलं तर कुलूप शाबूत, पेटीच्या काचेतून दिसणारा स्विच बंद.

मी मूळचाच संशयी. दूधवाल्याने माप भरून दिलं तरी पाणी घातलं असेल असं मला वाटतं. पहिला वहीम कोपऱ्यावरच्या नानांवर. खिडकीत उजेड येतो म्हणून तेच कुरकुरत होते. मग त्यांच्या भाडेकरूवर, कारण तो हल्ली फारच वाकून नमस्कार करत होता. कुणीतरी डुप्लिकेट चावी केली म्हणून मी कुलूपच बदललं. त्याच रात्री पुन्हा अंधार! माझं टाळकंच सरकलं. नवी चावी घ्यायला स्वयंपाकघराच्या दारामागे हात घातला, तर खिळा रिकामा.

तसाच खाली उतरलो. अंधारात बाया मोठमोठ्याने हसत होत्या. त्यात बायकोचा आवाज ओळखला आणि चमकलो, घरात ती अशी हसत नाही. माझ्या चपला वाजल्या तशा सगळ्या गप्प झाल्या. चावी तिच्याच हातात होती.

"अगं, तुमच्यासाठीच लावला ना तो?" मी चिडून म्हणालो.

बायको शिंदखेड्याची. शांतपणे अहिराणीत म्हणाली, "दिवाखाले आम्ही बठ्ठ्या, सगळ्या बाया, दखातस. वरतून कोन देखी ऱ्हायनं, ते आम्हले दखात नही."

कुणीच माझी बाजू घेतली नाही. मला भयंकर ओशाळं वाटलं. तिथून मान वर करून पाहिलं, तर आमच्या गॅलरीतली खुर्ची बरोबर त्या बाकांकडे तोंड करून होती.