बॅग पोचली होती

एकोणीसशे साठच्या पुढे-मागे भाऊजींना मुंबईच्या दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी आठला ऑपरेशन. त्याआधी माझ्या बहिणीची, ताईची भेट व्हावी म्हणून त्यांच्या साहेबांनी तिचं नागपूर-मुंबई विमानाचं तिकीट पाठवलं. विमान आदल्या दुपारी तीनचं, अडीचला काउंटर बंद, असं तिकिटावर छापलंच होतं.

ताई म्हणाली, "पहाटच्या मोटारीनं जाऊ."

पण मला दोस्ताच्या जीपमधून रुबाबात जायचं होतं. अमरावतीच्या मोटारस्टँडवर आमची एक रीत होती. सीटवर पिशवी ठेवली की माणूस आला असं धरायचं. कंडक्टर चहा घेऊन येईपर्यंत गाडी हलत नसे. मी तीच अक्कल चालवली. शेजारचे मास्तर पहाटे नागपूरला निघाले होते, त्यांच्या हाती ताईची बॅग दिली. म्हटलं, "काउंटरवर ठेवा. आमी मागून येऊन राहिलो."

वाटेत कोंढाळीला मी जीप थांबवून भजी खाल्ली. ताईनं घासही घेतला नाही.

"उठ न रे आता!"

"कावून घाबरतं? बॅग पोचली म्हंजे आपण पोचलोच."

पोचलो तेव्हा तीनला वीस मिनिटं कमी. मास्तर बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसलेले. बाहेर विमान उभं, अगदी समोर.

मी काउंटरवाल्याला म्हणालो, "हे काय, उभंच तर आहे! बॅग तर कवाचीच आली."

"बॅगेला उडायचं होतं का?" तो म्हणाला. "माणसाचं वजन करावं लागतं, साहेब. यादी वैमानिकाकडे गेली."

मास्तर बूट न्याहाळू लागले. विमान उडालं तेव्हा ताईनं पदरानं फक्त बॅगेवरची धूळ पुसली.

संध्याकाळच्या मेलनं निघालो. दिवेलागण झाल्यावर गाडी बडनेऱ्याला थांबली. अमरावतीजवळचं, आमचंच स्टेशन! सकाळपासून एवढा खटाटोप करून मी तिला घराजवळ आणून सोडलं होतं. घरीच थांबलो असतो तरी हीच गाडी मिळाली असती.

मुंबईत दवाखाना गाठला तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. आत नेताना भाऊजी दाराकडे पाहत होते, असं नर्सनं सांगितलं.

भाऊजी बरे झाले. तो किस्सा ते हसून सांगतात, मीही सांगतो. ताई हसत नाही. जवळच्या दर्यापूरला जायचं असलं तरी ती तासभर आधी स्टँडवर जाऊन बसते, बॅग मांडीवर घेऊन. मी शेजारी बसतो. चहाला उठायची माझी हिंमत होत नाही.