दिनानाथच्या होडीवरून आलेली अजान

वलीने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या: आखातात बावीस वर्षं मोबाइलचे टॉवर उभे केले आणि रेवदंड्याला परतल्यावर त्याची फुशारकी मारली. दुसरं काम पहिल्यापेक्षा चोख झालं, हे तो स्वतःच सांगे.

गावच्या बोटींवर त्याने वायरलेसचे डबे बसवले होते. खोल समुद्रात टॉवर पोचत नाही, म्हणून व्हिडिओ कॉल एका बोटीवरून दुसरीवर उड्या मारत किनाऱ्याला यायचा. कोणत्या बोटीवरून, हे वलीच्या यादीवर ठरे. पहिला मान ऐटबाज ट्रॉलरांना. दिनानाथ कोळ्याच्या जुन्या होडीवर त्याने भिडेखातर डबा लावला खरा, पण यादीतून ती गाळली. "ह्या भंगाराचं काय काम?" म्हणाला होता.

त्या सकाळी दवाखान्यात सून अलिनाला मुलगी झाली, पंधरा दिवस आधीच. बाळाच्या कानात अजान द्यायची, तर बाप कैस मासेमारीला गेलेला.

"तुम्हीच द्या की," बायको कुबरा म्हणाली.

"न्हाय. कैसच देईल."

कैस जन्मला तेव्हा वली आखातात होता. अजान शेजाऱ्याने दिली होती. ते त्याला आजही सलत होतं.

व्हिडिओ लागला. कैसने तोंड उघडलं आणि तसाच गोठला. तीनदा तेच. माशांमागे धावणारा मधला ट्रॉलर दर वेळी टप्प्याबाहेर जाई.

"टॉवरवाले," कुबरा म्हणाली, "पोर शाळेत जायला लागंल आता."

वलीने कपाळावर हात मारला. तासन्‌तास जागचं न हलणारं त्या समुद्रात एकच होतं: समुद्रात रोवलेल्या डोल जाळ्याच्या खुंटाला बांधलेली दिनानाथची होडी. ती टॉवरच्या टप्प्याच्या काठावरच होती; त्याने फोन लावला.

"दिनानाथ, डबा चालू कर. किती वेळ हायस तिथं?"

"भरतीचं पाणी फिरंपर्यंत. डोल टाकून जातोय कुठं? पन माजी होडी भंगार ना?"

"भंगार मी हाय, बाबा. कर चालू."

वलीने यादीत होडीचं नाव सगळ्यात वर टाकलं. या वेळी कैसचा आवाज आला तो अखंड. वलीने फोन बाळाच्या उजव्या कानाशी धरला. त्याचे डोळे वाहायला लागले, ते पुसायला तो वळू लागला.

"हलू नका," कुबरा हळूच म्हणाली. "आता तरी एका जागी राहा."

अजान संपेपर्यंत वली हलला नाही.