मुंगीचा पराक्रम

वाचनालयांसाठीचं तिचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं होतं. कुणीही सुधारणा पाठवावी आणि तिने तपासून ती आत घ्यावी. वर्षअखेरीला कुणी किती हातभार लावला याची यंत्राने काढलेली यादी पाहायला ती बसली आणि तिचं डोकंच फिरलं. सगळ्यांत वर एक निनावी महाभाग! मदतपुस्तिकेच्या पानांवर दोन शब्दांमध्ये जास्तीची जागा दिसली की हा ती काढणार, आणि अशी एकेक जागा वेगळी पाठवणार. एकेक दाणा वाहतो म्हणून तिने त्याचं नावच मुंगी ठेवलं होतं. पुस्तकं शोधायची अख्खी सोय एकटीने लिहिणारी बाई मात्र तळाला. यंत्राला संख्या कळते, काम थोडंच कळतं?

"कोण हा रिकामटेकडा? समोर येऊ दे, चांगली हजेरी घेते!" ती करवादली.

शेजारच्या खोलीतून सासरे आले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली होती.

"अगं, एकेक पाठवलं की तुला तपासायला सोपं," ते संकोचून म्हणाले. "आणि उगाच वशिला नको, म्हणून नाव नाही घातलं."

तिने कपाळावर हात मारून घेतला.

"छान केलंत, बाबा," ती कशीबशी म्हणाली.

सासऱ्यांचा चेहरा खुलला. "हो ना? आत्ता कुठे पहिलं प्रकरण संपलंय!"