स्त्रीपार्टी काका

आमच्या कापडे गावात माझे काका स्त्रीपार्टी म्हणून ओळखले जायचे. शिमग्याच्या नाटकात बाईचं काम त्यांचंच. आता हा शब्द फोड करून सांगावा लागतो. नाटकातल्या कामाला 'पार्ट' म्हणायचं हे इंग्रजीतून आलं, त्याला आपण आपली 'स्त्री' जोडली, आणि तो पार्ट करणारा झाला स्त्रीपार्टी. चांगल्या घरच्या बाईनं रंगमंचावर उभं राहायचं नाही, म्हणून चांगल्या घरच्या पुरुषानं लुगडं नेसायचं, असा तो अजब न्याय. पण त्याला मान होता. आमच्याकडे बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. काकांची मिशी मात्र आजोबांनीच न्हाव्याला घरी बोलावून उतरवली, आणि गावात कोणी ब्र काढला नाही.

मी महाडला शाळेत मराठी शिकवतो. असले शब्द उकरायची मला खोड आहे. काकांच्या मुलीला महाडच्या एका दुकानदाराच्या घरचं स्थळ आलं, तेव्हा ही खोड कामाला येईल असं त्यांना वाटलं. मुलीचा बाप साड्या नेसून नाचतो, असं त्या दुकानदार मंडळींच्या कानावर कोणीतरी घातलं होतं.

"तू जरा समजव रे त्यांना," काका म्हणाले. "तू मास्तर. तुझं ऐकतील."

ते मुलगी बघायला आले त्या दिवशी मी तयारीनिशी काकांकडे गेलो. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मामांनी बशी खाली ठेवत विचारलंच, "तुम्ही म्हणे नाटकात बायकांची कामं करता?"

मी तोंड उघडणार, तोच काका बोलले. "मी नाय. माझा मोठा भाऊ करायचा. वारला तो."

मोठा भाऊ म्हणजे माझे वडील. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं तरी त्यांना घाम फुटायचा. मामांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. मला भयंकर राग आला. पण आत दारामागे बहीण उभी होती, आणि माझ्या एका वाक्यानं तिचं स्थळ हातचं गेलं असतं. मी मामांना आणखी चहा विचारला.

लग्न झालं. पुढच्या शिमग्यात गावकरी नेहमीसारखे काकांना तालमीला बोलवायला आले. सगळी त्यांच्या बरोबरीची, त्यांचं काम बघून डोळे पुसलेली माणसं. मीही तेव्हा ओटीवर होतो. काका जागचे उठले नाहीत.

"मी कधी केलं काम?" ते म्हणाले. "माझा भाऊ करायचा. तो गेला."

कोणी हसलं नाही. मलाही या वेळी राग आला नाही. रडू आलं.