वाघदेवाचा शेंदूर

कॅमेरावाल्या मित्रांनो, आपल्या मंडळाच्या फिरत्या वहीत आज फोटो चिकटवत नाही, नुसतं लिहितो.

सकाळी नवापूरजवळच्या एका पाड्यावर वाघदेवाचा जुना लाकडी खांब सापडला. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्रसूर्य. असल्या गोष्टींपायी मी लहानपणापासून रानं तुडवतोय. पण खांब शेंदराच्या वर्षानुवर्षांच्या थरांनी माखलेला, आणि आपल्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवर लाल रंग काळा उठतो. कोरीवकाम दिसलंच नसतं. आसपास कोणी नव्हतं. तिथल्याच दिव्यातल्या तेलात रुमाल भिजवला, वाघ स्वच्छ पुसला आणि फोटो घेतला.

कॅमेरा आवरत होतो, तेवढ्यात देवाची पूजा करणारे म्हातारबाबा आले. मला वाटलं, ओरडतील. ते खांबाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दादा, त्याम्हा मन्हा बापना हातना बी शेंदूर व्हता."

मग त्यांनी माझा रुमाल मागून घेतला आणि वाघावर हळूहळू घासू लागले, निघालेला शेंदूर जमेल तेवढा परत लागावा म्हणून.

जुन्या संस्कृतीवर माझं प्रेम आहे, असं ह्याच वहीत मी कितीदा लिहिलंय. ती प्लेट अजून डेव्हलप केलेली नाही. तुम्ही केली असती का?